जिवाचा प्रश्न आहे हो!

मराठी माणसाच्या खिशातून पैसा काढायचा असेल तर त्याला वस्तूचे गुण सांगू नयेत. गुण सांगितले की तो दोष शोधायला लागतो. स्वस्तात देतो असंही सांगू नये. स्वस्त म्हटलं की ‘यात काहीतरी गोम आहे’ म्हणून तो पायात चपला सरकवतो. त्याला एवढंच म्हणावं, ‘‘अहो, जिवाचा प्रश्न आहे! जिवापेक्षा का पैसा मोठा?’’ संपलं. मग जो हात खिशात जातो तो पाकीट घेऊनच बाहेर येतो.

या एका वाक्यापायी आमच्या स्वयंपाकघरात सात टप्प्यांत पाणी गाळणारं यंत्र येऊन बसलं. कृष्णाकाठी सांगलीत वाढलेला माणूस मी; लहानपणभर आजीच्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळलेलं पाणी प्यालो आणि तरी इथवर पोचलो. पण विक्रेत्यानं मुलांकडे बोट दाखवून ते वाक्य म्हटलं आणि आमच्या हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या लेकरांना विष घालण्यासारखं झालं. याच वाक्यापायी पाठीच्या कण्याची काळजी वाहणारी गादी आली. (तिच्यावर झोपायला लागल्यापासून माझी पाठ दुखते. कण्याला काळजीची सवय नसावी.) आणि याच वाक्यापायी माझ्या जिवावर तीन विमे उतरले आहेत. तिघांचेही हप्ते एकाच महिन्यात येतात आणि त्या महिन्यात जीव खरोखरच धोक्यात असतो.

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘असोसिएट’ म्हणतात. खुर्ची तीच आहे. बी. कॉम. झालो, काउंटरमागे बसलो आणि वीस-बावीस वर्षं लोकांचा पैसा मोजता मोजता माझं एक मत बनत गेलं. ‘जिवाचा प्रश्न’ हे शब्द जिथे उच्चारले जातात तिथे हिशेब थांबतो, आणि नेमका तिथेच हिशेब करायची सर्वांत जास्त गरज असते. हे मत मी आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं, कारण आमच्या घरात माझी मतं ऐकून घ्यायची पद्धत नाही. पण गेल्या वर्षी प्रसंगच असा आला, की या वाक्याशी मला उघड युद्ध पुकारावं लागलं. युद्धाची जागा मात्र मी निवडलेली नव्हती. ती होती इंग्लंडातल्या एका तळ्याच्या तळाशी.

आमच्या ताईचा मुलगा चिंटू. नाव चिंटू असलं तरी उंची सहा फूट आहे. तो शिकायला लेस्टरला गेला तेव्हा शिक्षणकर्जाच्या कागदावर हमीदार म्हणून माझी सही झाली. हमीदार म्हणजे काय, ते मी रोज काउंटरवर लोकांना समजावून सांगतो. ज्यानं पैसे घेतले नाहीत, खर्चले नाहीत, पण ज्याला झोप लागत नाही, तो हमीदार. चिंटू शिकला, तिथेच नोकरीला लागला, महिन्याचा अठरा हजार चारशेचा हप्ता नेमानं भरू लागला, आणि मला झोप लागू लागली. तेवढ्यात एका रात्री त्याचा फोन आला.

‘‘मामा, रेग्युलेटर घ्यायचाय.’’

‘‘पंख्याचा?’’

‘‘इंग्लंडात पंखा कशाला लागतोय?’’

‘‘मग गॅसचा. गॅसचा रेग्युलेटर नेहमी एजन्सीकडूनच...’’

‘‘मामा, पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर.’’

मी अंथरुणात उठून बसलो.

लेस्टरजवळ स्टोनी कोव्ह नावाची एक दगडाची खाण आहे. १९५८ साली ती बंद पडली, झऱ्यांचं पाणी साचून तिचं तळं झालं, आणि आता तिथे पाठीला हवेची टाकी बांधून माणसं हौसेनं बुड्या मारतात. खोली जास्तीत जास्त छत्तीस मीटर. तळाला पाहण्यासारखं काही असावं म्हणून २००० साली त्यांनी स्टेनगार्थ नावाची एक अख्खी टग बोट मुद्दाम बुडवून ठेवली आहे. आपल्याकडे खाण बंद पडली की तिच्यात गावचा कचरा टाकतात. त्यांनी बोट टाकली आणि बघायला तिकीट लावलं. चिंटू कचेरीतल्या मित्रांबरोबर त्या क्लबात जाऊ लागला होता, शिक्षण घेऊन परीक्षा पास झाला होता, आणि आता भाड्याचं यंत्र सोडून स्वतःचं घेणार होता.

माझं स्वतःचं पाण्यातलं शिक्षण सांगलीच्या घाटावर पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून झालं. डब्याला गंजून भोक पडलं त्या दिवशी ते थांबलं. पुढे तारकर्लीला सहकुटुंब गेलो असताना समुद्रात दहा-पंधरा मिनिटं तोंडात ते यंत्र धरून मीही खाली जाऊन आलो आहे. मासे फार छान होते असं ही सांगते. माझे डोळे मिटलेले होते.

हे यंत्र म्हणजे काय, ते बँकेच्या भाषेत सांगितलेलं बरं. टाकीत हवा दाबून भरलेली असते दोनशे बत्तीस बारनं. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज करा. ती तशीच तोंडात सोडली तर श्वास कसला, दातसुद्धा जागेवर राहायचे नाहीत. म्हणून टाकीच्या तोंडावर एक ठोकळा बसवतात, तो झाला पहिला टप्पा, म्हणजे हेड ऑफिस. हेड ऑफिस तो प्रचंड दाब कमी करून भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बारच जास्त इतका ठेवतं आणि नळीतून खाली शाखेकडे पाठवतं. शाखा म्हणजे तोंडात धरायचा दुसरा टप्पा. तुम्ही श्वास ओढलात की तो उघडतो, ओढणं थांबवलंत की मिटतो. मागाल तेव्हा आणि मागाल तेवढं. म्हणूनच त्याला डिमांड व्हॉल्व्ह म्हणतात. आमच्या डिमांड ड्राफ्टपेक्षा जलद, आणि कमिशन नाही.

चिंटूला दुकानदारानं जे यंत्र दाखवलं होतं त्याची किंमत होती सहाशे चाळीस पौंड. सत्तर हजारांच्या वर रुपये. मी मनातल्या मनात भागाकार केला: कर्जाचे चार हप्ते. शिवाय ते तो घेणार होता क्रेडिट कार्डावर. ‘‘मामा, तो म्हणाला, हे लाइफ सपोर्ट आहे. जिवाचा...’’

‘‘पुढचं बोलू नकोस,’’ मी म्हटलं.

घरात मात्र माझी बाजू घेणारं कुणी नव्हतं. ताई म्हणाली, ‘‘मुळात बुडायचंच कशाला? पण बुडायचंच असेल तर चांगलं घेऊन बुड.’’ भावोजी एसटीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘‘गाडीचा ब्रेक आणि पाण्यातली हवा, इथे काटकसर चालायची नाही.’’ आमची ही म्हणाली, ‘‘शिर सलामत तो पगडी पचास.’’ बँकेत सल्ला विचारला तर हेड कॅशिअर म्हणाले, ‘‘सर्वांत महाग घ्या, म्हणजे नंतर काही झालं तर तुमच्यावर यायचं नाही.’’ हेड कॅशिअरांचं हे वाक्य ऐकलं आणि मला सगळा उलगडा झाला. महाग वस्तू माणूस जीव वाचावा म्हणून घेत नाही. आपल्यावर येऊ नये म्हणून घेतो.

मी कागदपत्रं मागवली. चिंटूनं चार-पाच कंपन्यांची माहितीपत्रकं मोबाइलवर पाठवली आणि मी ती कॅशबुकासारखी बसून वाचली.

पहिली गोष्ट म्हणजे हे यंत्रच मुळी टंचाईचं अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून एमिल गान्याँ नावाच्या इंजिनिअरनं गॅसवर मोटार चालवण्यासाठी एक झडप तयार केली होती. इंजिन मागेल तेवढाच गॅस देणारी. झाक कुस्तोनं ती पाहिली, आणि इंजिनाच्या जागी माणूस जोडला. जानेवारी १९४३ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तो निळ्याशार समुद्रात नव्हे, पॅरिसजवळच्या मार्न नदीत, ऐन थंडीत. आडवं पोहताना ठीक, पण उभं राहिलं की हवा फुकट जाई आणि डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. त्यांनी हवा येण्याची आणि उच्छ्वास जाण्याची वाट एका पातळीला आणली आणि काम झालं. पेट्रोल परवडत नाही म्हणून शोधलेल्या झडपेचा हा वंश. आणि आज त्याच घराण्यातलं स्वस्त स्थळ पाहणं म्हणजे म्हणे जिवाशी खेळ!

आता सहाशे चाळीस पौंड कशाचे, ते पाहू. त्यातला एक गुण होता टायटॅनियमचा. टायटॅनियमचं यंत्र पितळेच्या यंत्रापेक्षा काही शे ग्रॅम हलकं असतं. विमानानं हिंडणाऱ्याला त्याचा उपयोग असेल, नाही असं नाही. पण चिंटू करतो काय? हे हलकं यंत्र गाडीतून तळ्यावर न्यायचं, आणि तिथे पोचल्यावर आपण बुडावं म्हणून कमरेला आठ-दहा किलो शिसं बांधायचं! म्हणजे हलकं होण्याचे वेगळे पैसे आणि जड होण्याचे वेगळे पैसे. आमच्या बँकेत अशा खात्याला ऑडिटर लाल शाई लावतो.

दुसरा गुण होता ‘बॅलन्स्ड’ असण्याचा. हा शब्द वाचून कॉमर्सचा पदवीधर म्हणून माझं मन भरून आलं. साध्या, म्हणजे बॅलन्स नसलेल्या पिस्टनच्या यंत्रात टाकी रिकामी होत आली की श्वास किंचित जड लागतो. बॅलन्स्ड यंत्रात शेवटपर्यंत सारखा. आता यात घाबरण्यासारखं काय आहे? पंचवीस तारखेनंतर आमचाही श्वास जड होतो, तो इशारा समजून आम्ही हॉटेलात जाणं बंद करतो. शिवाय चिंटूच्या क्लबाचा नियमच आहे, की टाकीत पन्नास बार शिल्लक असताना पाण्याच्या वर यायचं. मिनिमम बॅलन्स! ज्याला मिनिमम बॅलन्स मोडायचाच नाही त्यानं तो मोडल्यावरच्या सुखसोयींसाठी पैसे का मोजावे? उलट त्या साध्या पहिल्या टप्प्यात हलणारा भाग बघायला गेलं तर एकच, तो पिस्टन. बिघडायला भाग कमी, बदलायला भाग कमी, दुरुस्तीचं बिल कमी.

तिसरा गुण असा, की अमुक मॉडेल फार खोलवरही ‘लोण्यासारखा’ श्वास देतं. युरोपात या यंत्रांची ईएन २५० नावाची एक चाचणी आहे. तीत यंत्र पन्नास मीटर खोलीच्या दाबावर, मिनिटाला साडेबासष्ट लिटर हवा ओढून तपासतात. शांतपणे पोहणारा माणूस साधारण पंधरा-वीस लिटर ओढतो. साडेबासष्ट म्हणजे अंगात आल्यावर. ज्याच्यावर ईएन २५० चा शिक्का आहे ते स्वस्तातलं यंत्रही ही परीक्षा पास झालेलंच असतं. आणि चिंटूचं तळं आहे छत्तीस मीटर. जो मुलगा तळालाच छत्तीस मीटरवर टेकणार, त्याला शंभर मीटरवरचं लोणी कशाला?

एवढी तयारी करून मी लेस्टरला गेलो. म्हणजे ताईला लेकाला भेटायचं होतं, तिला एकटीला विमानाची भीती, आणि भावोजींचे गुडघे. साठवलेली रजा आणि साठवलेले पैसे दोन्ही मोडून मी तिच्याबरोबर एप्रिलात निघालो. ताईनं बरोबर मेतकूट घेतलं होतं, मी माझी टिपणवही.

चिंटूला घेऊन दुकानात गेलो. विक्रेता फार सभ्य. मी एकेक मुद्दा काढत गेलो आणि तो ‘यस सर’ म्हणत गेला. टायटॅनियमला ‘यस सर’, बॅलन्सला ‘यस सर’. शेवटी त्यानं हत्यार बाहेर काढलं: ‘‘पण सर, शेवटी हा तुमच्या भाच्याच्या जिवाचा प्रश्न आहे.’’ इंग्रजीत म्हणाला, पण मी ते बरोबर ओळखलं. त्या वाक्याला भाषा लागत नाही. मी विजयी मुद्रेनं सेलच्या टेबलाकडे वळलो. तिथे एक देखणं यंत्र होतं, एकशे नव्वद पौंडांना. त्यावर ईएन २५० चा शिक्का होता. शिक्क्यापुढे एक आडवी चोच काढलेली आणि पुढे ‘१०’ चा आकडा होता. चोचीचा अर्थ ‘पेक्षा जास्त’, एवढं गणित मला येतं. मला वाटलं, दहापैकी दहाच्याही वर गुण मिळालेले दिसतात.

‘‘हेच,’’ मी म्हटलं. फक्त सवयीनं ‘उद्या येतो’ म्हणून निघालो. कुठलीही वस्तू पहिल्या दिवशी घ्यायची नाही, हा आमच्या घराण्याचा एकमेव कुलाचार.

‘उद्या’ रविवार होता आणि चिंटूची भाड्याच्या यंत्रावर बुडी होती. म्हणून आधी आम्ही तळ्यावर गेलो. ताई काठावर शाल, कानटोपी आणि रामरक्षा अशी तिन्ही पांघरून बसली. पाणी काळंभोर. ज्यानं पाहिलं त्याच्या मनगटावरचं यंत्र सांगत होतं, खाली सात अंश. चिंटू उतरला, बुडबुडे वर आले, ताई ते मोजू लागली.

एवढ्यात तळ्याच्या दुसऱ्या बाजूला पाणी उकळू लागलं. खरोखर, पिठल्याला कढ यावा तसं. पांढऱ्या फेसातून एक मनुष्य वर आला. त्याच्या तोंडातल्या यंत्रातून हवा एकसारखी फसफसत होती आणि ती काही केल्या थांबेना. ताई उभी राहिली. माझे पाय उभे राहायला तयार नव्हते. तो आपला चिंटू नव्हे हे कळायला आम्हाला दहा सेकंद लागली असतील. दहा सेकंद किती मोठी असतात ते मी इथे लिहीत नाही.

क्लबातला एक म्हातारा सदस्य शेजारी थर्मासमधून चहा पीत होता. लेस्टरला बस चालवून निवृत्त झालेला. ‘‘गोठलं,’’ तो शांतपणे म्हणाला. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना व्हॉल्व्हला बोट लावून पाहा, गार लागतं. दाबातली हवा एकदम मोकळी झाली की गारठते. दोनशे बारवरून दहा बारवर येणारी हवा किती गारठत असेल? त्यात भोवतालचं पाणी आधीच थंड असेल तर पहिल्या टप्प्याच्या स्प्रिंगवर, दुसऱ्याच्या दांडीवर बर्फ धरतं, आणि झडप उघडी ती उघडीच राहते. हवा बंद होत नाही एवढं नशीब; बिघडलं तर उघडं राहावं, अशीच त्याची रचना. पण बारा लिटरची टाकी त्या धारेनं काही मिनिटांत रिकामी होते. फसफसत्या यंत्रातून ओठाच्या कडेनं श्वास घेत वर कसं यायचं ते यांना शिकवलेलं असतं, आणि त्या माणसानं तेच केलं होतं.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात हा धोका जास्त, कारण खारं पाणी शून्याच्याही खाली गोठतं. आणि खोल तळ्याच्या तळाशी भर उन्हाळ्यातही चार अंशांचं पाणी बसून असतं, कारण पाणी सर्वांत जड असतं ते चार अंशांना. हे आम्हाला नववीत होतं. पाच मार्कांना यायचं. मी पाठ केलं होतं.

मग म्हातारा म्हणाला, ‘‘याचं यंत्र ‘दहाच्या वर’ वालं असणार.’’

‘‘दहाच्या वर म्हणजे?’’

‘‘दहा अंशांपेक्षा गरम पाण्यासाठी. शिक्क्यापुढे लिहिलेलं असतं. थंड पाण्याची परीक्षा वेगळी असते, चार अंशांना घेतात. ती जे देत नाही, त्याच्यावर ती चोच काढतात.’’

वाचकहो, मी रोज काउंटरवर लोकांना ओरडतो, ‘‘बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सही करू नका.’’ कर्जाच्या प्रत्येक पानावर सही घेतल्याखेरीज मी म्हाताऱ्यांनासुद्धा सोडत नाही. आणि सहाशे चाळीस पौंडांच्या यंत्राशी भांडण्याच्या भरात मी माझ्या भाच्याच्या तोंडात गरम पाण्याचं यंत्र देणार होतो. शिक्का वाचला होता, आकडा वाचला होता, अर्थ माझ्या सोयीचा लावला होता. विक्रेता ‘जीव जीव’ म्हणत होता, मी ‘पैसा पैसा’ म्हणत होतो, आणि पाणी किती थंड आहे हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

माझ्या विरोधकांनी इथे टाळ्या वाजवू नयेत. माझा मुद्दा जागेवरच आहे. त्या म्हाताऱ्याचं स्वतःचं यंत्र मी पाहिलं. तीस वर्षांचं, क्रोम उडालेलं, तोंडात धरायचं रबर तेवढं नवं. दर वर्षी तो ते उघडून तपासून घेतो. ‘‘ब्रेक महाग होता म्हणून बस थांबत नाही,’’ तो म्हणाला, ‘‘डेपोत तपासला होता म्हणून थांबते.’’ हे मी रात्री फोनवर भावोजींना सांगितलं. गेला महिनाभर माझं एक अक्षर न ऐकणारे भावोजी ताबडतोब म्हणाले, ‘‘बरोबर आहे त्यांचं.’’ बसवाल्यांचं बसवाल्यांना पटतं.

सोमवारी पुन्हा दुकानात गेलो. विक्रेत्यानं आशेनं सहाशे चाळीसवालं बाहेर काढलं. मी म्हटलं, ‘‘चोच नसलेलं दाखवा.’’ त्यानं दाखवली तीन. त्यातलं सर्वांत साधं होतं तीनशे दहा पौंडांना. पितळेचं, थंड पाण्याची परीक्षा दिलेलं, टायटॅनियम वगैरे काही नाही. मग मी टिपणवहीतले म्हाताऱ्यानं सांगितलेले प्रश्न विचारले. याचे सुटे भाग कोण ठेवतं? दुरुस्ती याच गावात होते का, की पार्सल करून पाठवायचं? क्लबाच्या टाक्यांना पेचाचं तोंड बसतं की चिमट्याचं? विक्रेत्यानं प्रथमच ‘यस सर’ म्हणायचं सोडून खरी उत्तरं दिली, आणि मला तो एकदम आवडला.

ऑक्टोपस मात्र मी हट्टानं बरोबर घेतला. ऑक्टोपस म्हणजे पिवळ्या नळीवरचं जादा तोंड, आपल्या जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायचं. स्वतः कधी वापरायचं नाही, दुसऱ्यासाठी नुसतं बाळगायचं. चिंटू म्हणाला, ‘‘मामा, हा तर तुझ्यासारखा हमीदार.’’ पोरगं हुशार आहे. पण म्हाताऱ्यानं एक बजावलं होतं: थंडीत दोघं एकदम एकाच हेड ऑफिसातून हवा ओढू लागले की तेच गोठण्याची भीती जास्त. म्हणून तिथेही थंड पाण्याचा शिक्का पाहायचा, त्याच्यापुढे ‘ए’ असावा लागतो. हमीदारही थंडीत टिकणारा पाहिजे.

उरलेल्या पैशांतून चिंटूनं दर वर्षीच्या तपासणीसाठी वेगळं खातं उघडलं, ते मी समोर बसून उघडायला लावलं. आणि दोन नियम कागदावर लिहून त्याच्या फ्रिजवर चिकटवले. काठावरच्या गारठ्यात यंत्र तोंडात धरून उगाच श्वास घेत उभं राहायचं नाही. आणि धुताना पहिल्या टप्प्याची टोपी लावायला विसरायचं नाही, आत पाणी गेलं की संपलं. दुसरा नियम मी लाल शाईनं लिहिला. चिंटूनं लहानपणी शाळेच्या चार डब्यांची झाकणं हरवली होती, आणि ती झाकणं मी विकत आणली होती.

पुढच्या रविवारी तो नव्या यंत्रावर खाली गेला. स्टेनगार्थच्या डेकवर बसून आला म्हणे. ताई काठावर बुडबुडे मोजत होती. चारशे बारापर्यंत मोजले आणि मग दुसऱ्या कुणाचे तरी त्यात मिसळले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. मी थर्मासचा चहा घेऊन तिच्याजवळ बसलो. पौंडांचा हिशेब तिनं विचारला नाही, मी सांगितला नाही.

सांगलीला परत आलो त्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. पाण्याच्या यंत्राचा माणूस होता.

‘‘साहेब, सातही फिल्टर बदलायला आलेत. पुढं ढकलू नका, जिवाचा...’’

‘‘थांबा,’’ मी म्हटलं, ‘‘आमच्या नळाच्या पाण्यात क्षार किती आहेत, मोजलेत?’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘मग यातले किती टप्पे आम्हाला लागतात, ते तुम्हाला कसं कळलं?’’

तो गप्प झाला. मी बाही सरसावून टिपणवही काढणार, इतक्यात आतून हिचा आवाज आला, ‘‘काय चाललंय तिथे? मुलं प्यायची आहेत ते पाणी!’’

मी पाकीट काढलं.